नकाशावर पुणे समुद्रात का जाते?

आपल्या शाळेच्या परिसराचा नकाशा मुलांनीच तयार करावा, त्यावर विहिरी, ओढे, वाड्या-वस्त्या, जुनी झाडे दाखवावीत, आणि गावातल्या कुणालाही तो मोबाइलवर उघडून पाहता यावा, ही कल्पना भूगोल किंवा परिसर अभ्यास शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला आवडेल. तीस वर्षांपूर्वी यासाठी महागडी आज्ञावली आणि ती चालवणारा तज्ज्ञ लागला असता. आज लागणारी साधने विनामूल्य मिळतात. त्यांचा आतला कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, पुढे वाटता येतो. अशा साधनांना मुक्तस्रोत म्हणतात.

साधने मुक्त आहेत, पण ती नवख्या माणसाच्या हाती सहज बसतात का? हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. कोड वाचायची परवानगी असणे आणि ज्याने आयुष्यात कधी कोड लिहिला नाही अशा शिक्षकाला तासाभरात आपले गाव नकाशावर आणता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या लेखात आम्ही दोन प्रसिद्ध नकाशा-लायब्रऱ्या या कसोटीवर तपासणार आहोत. एक ओपनलेयर्स, दुसरी लीफलेट.

लायब्ररी नेमके काय करते?

संगणकाच्या भाषेत लायब्ररी म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या, आपल्याला आयत्या वापरता येणाऱ्या आज्ञांचा संच. नकाशा-लायब्ररीचे मुख्य काम ब्राउझरमध्ये नकाशा मांडणे, तो सरकवणे, लहानमोठा करणे आणि त्यावर खुणा काढणे हे असते. नकाशाची माहिती तिच्याजवळ नसते, ती दुसरीकडून येते. बहुतेक वेळा ती ओपनस्ट्रीटमॅप या प्रकल्पातून येते. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा प्रकल्प जगभरच्या स्वयंसेवकांनी भरलेल्या माहितीवर चालतो.

ही माहिती चौकोनी तुकड्यांच्या रूपाने येते. या तुकड्यांना टाइल म्हणतात. प्रत्येक टाइल साधारणपणे २५६ बाय २५६ ठिपक्यांची. अगदी वरच्या, म्हणजे शून्य पातळीवर सगळे जग एकाच टाइलवर असते. एक पातळी खाली गेले की प्रत्येक टाइलच्या चार टाइल्स होतात. म्हणजे पहिल्या पातळीवर ४, दुसऱ्या पातळीवर १६, आणि अठराव्या पातळीवर ४ चा अठरावा घात, म्हणजे सुमारे ६,८७२ कोटी! घातांक शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण. अठराव्या पातळीवर विषुववृत्तापाशी एका ठिपक्यात जमिनीवरचे सुमारे ६० सेंटिमीटर मावतात. आपल्याला हव्या असतात त्यातल्या दहा-वीस टाइल्स. नेमक्या कोणत्या टाइल्स मागवायच्या आणि पडद्यावर कुठे बसवायच्या, हा हिशेब लायब्ररी करते.

दोन स्वभाव

ओपनलेयर्स २००६ साली प्रसिद्ध झाली. तिचा पिंड भूमाहितीच्या तज्ज्ञांचा. नाना तऱ्हेची प्रक्षेपणे, नाना तऱ्हेच्या माहितीसाठ्यांचे प्रकार, उपग्रहचित्रे, मोजमाप हे सारे ती स्वतः हाताळते. लीफलेट २०११ साली आली. युक्रेनमधील कीव शहरातल्या व्होलोदिमिर अगाफोन्किन या तरुण अभियंत्याने ती लिहिली. 'थोडेच करावे, पण सोपे करावे' असा तिचा बाणा आहे. दाबून पाठवलेल्या स्वरूपात ती सुमारे ४२ किलोबाइट भरते. ओपनलेयर्सचा पूर्ण संच त्याच्या कित्येक पट मोठा आहे. लीफलेटमध्ये जे नाही ते लोकांनी लिहिलेल्या पूरक भागांतून जोडता येते.

पहिल्या पाव तासाचा विचार केला तर लीफलेट निःसंशय पुढे आहे. साध्या नोटपॅडमध्ये एक पान लिहायचे, त्यात लायब्ररीचा दुवा देणाऱ्या दोन ओळी टाकायच्या, नकाशासाठी एक चौकट राखायची, मध्यबिंदू सांगायचा, टाइल्सचा पत्ता द्यायचा, की ब्राउझरमध्ये नकाशा उमटतो. तिच्या आरंभीच्या पाठातही कालांतराने चांगली सुधारणा झाली आहे. पूर्वी त्या पाठात एका कंपनीच्या टाइल्स वापरल्या होत्या. त्यासाठी त्या कंपनीकडे खाते उघडून प्रवेश-किल्ली घ्यावी लागे. आता ओपनस्ट्रीटमॅपच्या टाइल्स आहेत, आणि किल्ली लागत नाही. एक पायरी कमी झाली, एवढेच हे दिसते. पण त्या एका पायरीवरून किती जण परत फिरत असतील, याची कल्पना शाळेच्या संगणककक्षात काम केलेल्यांना करता येईल.

ओपनलेयर्सचा आरंभीचा पाठ वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. प्रथम संगणकावर नोड ही प्रणाली बसवा, मग काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करा, मग तयार झालेल्या फोल्डरमधली फाइल उघडा. याला कारण आहे. या पद्धतीत लायब्ररीचे फक्त लागणारे भाग घेऊन नेटकी आज्ञावली बनवता येते, आणि व्यवसाय म्हणून हे काम करणाऱ्याला तेच हवे असते. परंतु ज्या संगणकावर नवे काही बसवण्याची परवानगी नाही, जिथे इंटरनेट अधूनमधून येते, तिथल्या शिक्षकाला नकाशा दिसण्याआधी तीन नव्या गोष्टी शिकाव्या लागतात आणि त्यातली एकही नकाशाबद्दल नसते. खरे तर ओपनलेयर्सचाही आयता बांधलेला संच मिळतो आणि तो लीफलेटप्रमाणे एका ओळीने जोडता येतो. पण त्याला पाठात पहिले स्थान नाही. हा दोष लायब्ररीचा नाही, पाठाच्या क्रमाचा आहे.

शून्य, शून्य

यापेक्षा महत्त्वाचा दोष मात्र वेगळाच आहे आणि तो चटकन नजरेत भरत नाही.

ओपनलेयर्सच्या आरंभीच्या उदाहरणात नकाशाचा मध्यबिंदू 'शून्य, शून्य' असा दिलेला आहे. उदाहरण चालते, जगाचा नकाशा दिसतो, नवशिका खूश होतो. आता तो साहजिकच आपले गाव आणायला जातो. समजा, पुणे. पुण्याचा रेखांश ७३.८६ पूर्व, अक्षांश १८.५२ उत्तर. शून्यांच्या जागी तो हे दोन आकडे घालतो, नकाशा जवळून दिसावा म्हणून पातळी वाढवतो, आणि पडद्यावर काय दिसते? नुसता निळा रंग.

झाले असे, की ओपनलेयर्स या आकड्यांना अंश समजत नाही. ती त्यांना मीटर समजते. इंटरनेटवरचे बहुतेक नकाशे मर्केटर प्रक्षेपणाच्या एका रूपावर आधारलेले असतात. गेरार्डस मर्केटर याने १५६९ साली खलाशांसाठी हे प्रक्षेपण मांडले. त्याच्या संगणकी रूपात जग उत्तर-दक्षिण सुमारे ८५ अंशांवर कापून चौरसात बसवतात, आणि त्या चौरसात जागा मीटरमध्ये मोजतात. या मापाने पुणे शून्यबिंदूच्या पूर्वेला सुमारे ८२,२२,००० मीटर आणि उत्तरेला सुमारे २०,९८,००० मीटर आहे. आपल्या नवशिक्याने सांगितलेला बिंदू मात्र शून्यबिंदूपासून ७४ मीटर पूर्वेला आणि १९ मीटर उत्तरेला पडला. शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश जिथे भेटतात, तिथे आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखाताचे पाणी आहे. त्या पाण्यात पुणे बुडाले.

उपाय सोपा आहे. अंशांचे मीटर करून देणारी एक आज्ञा लायब्ररीत आहेच, आणि तिच्या नावातच 'आधी रेखांश, मग अक्षांश' हा क्रम सांगितला आहे. पुढच्या काळात आणखी एक आज्ञा आली. ती आरंभी एकदा दिली की पुढे सर्वत्र अंश चालतात. पण पाठातल्या पहिल्या उदाहरणात यातली एकही गोष्ट दिसत नाही. का दिसत नाही? कारण उदाहरण शून्य-शून्यचे आहे, आणि शून्य अंश व शून्य मीटर एकच. एवढेच नव्हे, तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तरी शून्य-शून्य तसेच राहते. म्हणजे नवशिका ज्या दोन चुका हमखास करणार, त्या दोन्ही झाकून टाकणारा पृथ्वीवरचा एकमेव बिंदू पाठासाठी निवडला गेला आहे!

गुणाकार शिकवताना आपण पहिले उदाहरण दोन गुणिले दोन असे देत नाही. कारण ज्या मुलाने गुणाकाराऐवजी बेरीज केली, त्याचेही उत्तर चारच येते. शिक्षकाला वाटते समजले, मुलालाही वाटते समजले. चूक उघडी पडते ती तीन गुणिले पाचला, आणि तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. शून्य-शून्यचे उदाहरण त्याच जातीचे आहे. म्हणून आमचे असे मत आहे, की कोणतेही साधन नवशिक्याला सोपे आहे की नाही हे त्याच्या पहिल्या उदाहरणावरून ठरवू नये. नवशिका त्या उदाहरणात जो पहिला बदल करतो, त्याचे काय होते यावरून ठरवावे.

आधी अक्षांश की आधी रेखांश?

या कसोटीवर लीफलेट बरी उतरते, पण पूर्ण उतरत नाही. ती अंश स्वीकारते, मीटरचा हिशेब आतल्या आत करते. भूगोलाच्या पुस्तकात लिहितात त्याच क्रमाने, आधी अक्षांश आणि मग रेखांश, असे आकडे द्यायचे. तिच्या आरंभीच्या पाठात लंडन शहर आहे. तिथे पुण्याचे आकडे घातले की पुणे येते. पहिला बदल यशस्वी!

अडचण दुसऱ्या दिवशी येते. खुणांची माहिती साठवण्यासाठी जिओजेसन नावाची एक सर्वमान्य पद्धत आहे. २०१६ साली ती प्रमाण म्हणून लिहून काढली गेली. तिच्यात क्रम उलटा आहे, आधी रेखांश, मग अक्षांश. ओपनलेयर्सही हाच क्रम पाळते. गणिताच्या दृष्टीने तोच सयुक्तिक, कारण आलेखात आपण 'क्ष' आधी लिहितो आणि रेखांश म्हणजे 'क्ष'. त्यामुळे एकाच पानावर एका ओळीत एक क्रम आणि दुसऱ्या ओळीत दुसरा, असे लिहिण्याची वेळ लीफलेट वापरणाऱ्यावर येते.

क्रम उलटला की काय होते? लंडन सोमालियाच्या पूर्वेला हिंदी महासागरात जाते. पुणे ७३.८६ उत्तर अक्षांशावर जाते, म्हणजे नॉर्वे आणि स्वालबार यांच्यामधल्या समुद्रात, बेअर आयलंड या बेटाच्या दक्षिणेला पन्नास-साठ किलोमीटरवर. गडचिरोली स्वालबारमधल्या नॉर्डाउस्टलांडेट या हिमाच्छादित बेटावर पोहोचते. विद्यार्थ्यांनी आपापले गाव असे उलटून पाहावे. अक्षांश-रेखांश पाठ करून जे समजत नाही, ते या खेळात समजते.

इथे एक शास्त्रीय मुद्दा ध्यानात घेण्यासारखा आहे. ही चूक संगणकाला पकडता येईल का? अक्षांश ९० पेक्षा मोठा असूच शकत नाही. गुवाहाटीचा रेखांश सुमारे ९१.७ आहे. तो अक्षांशाच्या जागी आला तर चूक उघड आहे. (तरीही लीफलेट काही बोलत नाही. बिंदू मुकाट्याने ८५ अंशांच्या कडेवर नेऊन ठेवते. इथे तिने बोलायला हवे होते.) पण महाराष्ट्र सारा सुमारे ७२ ते ८१ पूर्व रेखांशांत आहे. हे सगळे आकडे अक्षांश म्हणूनही वैध आहेत. त्यामुळे कोणतीही लायब्ररी आपली ही चूक निव्वळ आकडे पाहून ओळखू शकणार नाही.

उपाय एकच, आकड्यांना नाव देणे. लीफलेटमध्ये 'अक्षांश अमुक, रेखांश तमुक' असे नावानिशी लिहिण्याची सोय आहे. तसे लिहिले की क्रम कोणताही असो, घोटाळा होत नाही. मग आरंभीच्या पाठात तेच का वापरू नये? दोन शब्द जास्त टाइप करावे लागतील इतकेच. प्रयोगशाळेत आपण मुलांना एकक लिहिल्याशिवाय आकडा लिहू देत नाही. तोच नियम इथे लागू आहे.

वर्तुळ किती मोठे?

आतापर्यंतचे वाचून कुणाला वाटेल, की लीफलेट सोपी म्हणून चांगली, ओपनलेयर्स अवघड म्हणून वाईट. प्रकरण इतके सरळ नाही.

एक खरे काम घेऊ. शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, अशी अपेक्षा आहे. मुलांनी शाळेभोवती एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून कोणत्या वस्त्या बाहेर पडतात ते पाहायचे ठरवले. लीफलेटमध्ये त्रिज्या १००० लिहिली की ती जमिनीवरचे १००० मीटर समजते. ओपनलेयर्समधल्या वर्तुळाच्या साध्या आकाराला १००० सांगितले, तर ती नकाशाच्या मापाचे १००० मीटर धरते. मर्केटर प्रक्षेपणात विषुववृत्तापासून दूर जावे तसे अंतर ताणले जाते. ताण किती, तर अक्षांशाच्या कोसाइनने एकाला भागावे. पुण्याला हा ताण १.०५५ आहे. म्हणजे नकाशावरचे १००० मीटर हे जमिनीवरचे फक्त ९४८ मीटर. शाळेपासून ९७० मीटरवर असलेली वस्ती नियमात बसत असूनही वर्तुळाच्या बाहेर दिसेल. श्रीनगरला ताण सुमारे १.२१ होतो आणि ६० अंश अक्षांशावर पूर्ण दुप्पट.

चूक पाच टक्क्यांची आहे, पण ती डोळ्यांना दिसत नाही. निळा समुद्र दिसला की काहीतरी बिघडल्याचे निदान कळते. इथे वर्तुळ नेटके गोल दिसते, आणि त्यावर विसंबून कुणी ग्रामसभेत अर्ज करील. (सरळ रेषेतले अंतर आणि पायवाटेचे अंतर यांत फरक असतो, मध्ये ओढा आला तर फारच. तो विषय वेगळा.) ओपनलेयर्समध्ये गोलावरचे खरे अंतर मोजण्याची आणि खरे वर्तुळ काढण्याची चांगली सोय आहे, पण ती निराळ्या कप्प्यात आहे आणि नवशिक्याच्या हाताला आधी साधे वर्तुळच लागते.

मग लीफलेटने ताण झाकून ठेवला हे बरेच झाले, असे म्हणायचे का? कामापुरते हो. पण लीफलेटवर वर्षभर काम केलेल्या विद्यार्थ्याला आपण एका प्रक्षेपणावर काम करत होतो, हे कदाचित कधीच कळणार नाही. त्याला ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसत राहील. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट आहे. ज्या दिवशी त्याच्या हातात वेगळ्या प्रक्षेपणातला एखादा मोजणी नकाशा येईल, त्या दिवशी लीफलेटला पूरक भाग जोडावा लागेल आणि इतके दिवस न लागलेली सगळी शब्दावली एकदम अंगावर येईल. ओपनलेयर्सने ती पहिल्याच दिवशी अंगावर घातली, लीफलेटने ती अनिश्चित काळापर्यंत पुढे ढकलली. शिक्षकाच्या दृष्टीने दोन्ही टोकेच. चांगला पाठ आधी गाव दाखवील, मग ग्रीनलंड दाखवून 'हे असे का?' असे विचारील.

लिपीच्या बाबतीतही हा स्वभावभेद दिसतो. तयार चित्राच्या टाइलवर गावांची नावे आधीच छापलेली असतात. ती कोणत्या भाषेत असावीत हे लायब्ररीला बदलता येत नाही. आता टाइल्स चित्राऐवजी रेषा आणि शब्दांच्या रूपातही मिळतात. त्यांत ओपनस्ट्रीटमॅपवर कुणी मराठी नावे भरली असतील तर ती देवनागरीत दाखवता येतात. ओपनलेयर्स अशा टाइल्स स्वतः हाताळते, लीफलेटला पूरक भाग लागतो. मराठी शाळेला हवा असलेला मराठी नकाशा म्हणूनच अवघड समजल्या गेलेल्या लायब्ररीच्या बाजूला आहे.

चूक बोलली पाहिजे

आता ओपनलेयर्समधल्या एका लहानशा सुधारणेचे आम्हाला मनापासून कौतुक करायचे आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत ती मिळालेले आकडे तपासते. पहिला आकडा उणे १८० ते १८० आणि दुसरा उणे ९० ते ९० यांच्या आत असेल आणि दोन्ही शून्य नसतील, तर ती इशारा देते, की अंश वापरायचे असतील तर अमुक आज्ञा आधी द्या. यातली युक्ती पाहण्यासारखी आहे. मीटरच्या मापात इतके लहान आकडे खरोखर कुणाला हवे असतील? शून्यबिंदूभोवती ३६० मीटर लांब आणि १८० मीटर रुंद एवढ्याच तुकड्यात असलेल्याला, आणि तिथे तर समुद्र आहे. म्हणजे इशारा चुकीचा ठरण्याची शक्यता जवळजवळ नाही. थोड्याशा ओळींच्या या तपासणीने जे साधले, ते हस्तपुस्तिकेच्या दहा पानांनी साधले नसते. नकाशाच्या चौकटीला उंची द्यायची राहिली तर 'चौकटीची रुंदी किंवा उंची शून्य असल्याने नकाशा दिसत नाही' असेही ती सांगते. या चुकीवर लीफलेट गप्प राहते. तिच्या पाठात मात्र उंची देण्याची सूचना आहे.

तरीही दोन उणिवा राहतात. हा इशारा ब्राउझरच्या कन्सोल नावाच्या नोंदवहीत उमटतो, आणि अशी नोंदवही असते हेच नवशिक्याला माहीत नसते. एफ-१२ ही कळ दाबली की बहुतेक ब्राउझरांत ती उघडते. आमच्या मते आरंभीच्या पाठातली पहिली सूचना हीच असली पाहिजे, 'नकाशा दिसला नाही तर आधी इथे पाहा.' दुसरी उणीव, इशारा इंग्रजीत आहे. त्यावर उपाय आपल्याकडेही आहे, त्याबद्दल शेवटी.

जुन्या उदाहरणांचे ओझे

नवशिका शिकतो तो उदाहरणे उतरवून. इंटरनेटवर उदाहरणे विपुल आहेत, पण ती कोणत्या आवृत्तीची हे क्वचितच लिहिलेले असते. २०१४ साली ओपनलेयर्सची तिसरी आवृत्ती संपूर्ण नव्याने लिहिली गेली. दुसऱ्या आवृत्तीची उदाहरणे तिच्यात चालत नाहीत. लीफलेटमध्ये बराच काळ मोठी उलथापालथ झाली नाही. तिच्या लोकप्रियतेचे हेही एक कारण असावे. २०२५ साली मात्र तिच्या दुसऱ्या आवृत्तीचे चाचणीरूप प्रसिद्ध झाले आणि त्यात आज्ञा लिहिण्याची जुनी पद्धत बदलली आहे. बदल करू नयेत असे कुणी म्हणणार नाही. पण पाठ्यपुस्तक बदलले की जुन्या गाइडांवर काय वेळ येते, हे शिक्षकांना सांगायला नको. उदाहरण उतरवताना ते कोणत्या सालचे आणि कोणत्या आवृत्तीचे, हे पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी.

मग करायचे काय?

शाळेत सुरुवात करायची तर आम्ही लीफलेट सुचवू. अक्षांश-रेखांश नावानिशी लिहावेत, आणि पहिल्याच तासाला कन्सोल उघडून दाखवावा. नकाशाच्या कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपचे श्रेय द्यावे, ती परवान्याची अट आहे. त्यांच्या टाइल्स देणगीवर चालणाऱ्या सर्व्हरवरून येतात, म्हणून त्या एकगठ्ठा उतरवून घेऊ नयेत. हा प्रकल्प देशांच्या सीमा प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे दाखवतो. भारताच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच छापाव्यात असा आपल्याकडे कायदा आहे. तेव्हा शाळेचे काम गाव-तालुक्यापुरते ठेवणे बरे. वर्ष संपता संपता, प्रक्षेपणाचा पाठ झाल्यावर, वरच्या वर्गाने तोच नकाशा ओपनलेयर्समध्ये करून पाहावा आणि दोन वर्तुळांतला फरक मोजावा.

लायब्रऱ्या लिहिणाऱ्यांकडून आमची अपेक्षा मोजकी आहे. शून्य-शून्यच्या जागी एखादे खरे गाव घ्या, मात्र असे घ्या की अंशांचे मीटर करण्याची आज्ञा पाठात लिहावीच लागेल. काहीही न बसवता चालणारे उदाहरण आधी द्या, कारागिराचे नंतर. आणि हे मुक्तस्रोत असल्यामुळे अपेक्षा व्यक्त करून थांबण्याची गरज नाही. पाठातली एखादी ओळ खटकली तर ती सुधारून पाठवता येते, तिचे मराठी रूप लिहिता येते. लायब्ररी लिहिणारे तज्ज्ञ आपण कधीकाळी कुठे अडखळलो होतो ते विसरलेले असतात. ज्याने कालच शिकायला सुरुवात केली, त्याला ते आठवत असते, पण ते लिहून ठेवावे असे त्याला वाटत नाही.

तेव्हा शिक्षकांना एक विनंती. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कुणाचे गाव समुद्रात गेले, तर ते बाहेर काढण्याआधी तो कुठे, कोणत्या ओळीपाशी आणि काय समजून चुकला, ते चार वाक्यांत लिहून घ्यावे. चांगल्या पाठासाठी लागणारा कच्चा माल तोच आहे, आणि तो शाळेतच मिळतो.